आयाला जे दिसतं ते सिस्टरपर्यंत पोचलं पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहिसरला ३२ खाटांच्या वृद्ध सेवाकेंद्राचा चार्ज तुम्ही नुकताच घेतलाय. दहा जण पूर्ण अंथरुणावर, आठ-नऊ जणांना स्मृतिभ्रंश. दिवसा पाच आया, रात्री दोन आया आणि एक सिस्टर. आया दोन महिनेही टिकत नाहीत. दोघांना बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) झालेत, गेल्या महिन्यात रात्री तिघी आजी पडल्या, नातेवाईक खोल्यांत कॅमेरे मागतायत, आणि कोणी वारलं की दुसऱ्याच दिवशी खाट भरा असा मालकांचा आग्रह असतो. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी २८ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. पहिली बारा रुग्णालयाच्या वॉर्डात गेली, नंतरची सोळा मुंबईच्या उपनगरांतल्या सेवाकेंद्रांत. तुम्ही ज्या पाच-सहा तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात त्या मला एकच वाटतात. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला दिवसातून आठ-दहा वेळा हात लावते ती आया. तिला जे दिसतं, कळतं, ते सिस्टरपर्यंत आणि सिस्टरकडून डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, किंवा ते बघायला तिला वेळच उरत नाही. तुमच्या केंद्रात सध्या दोन्ही होतंय.

म्हणून सुरुवात रात्रीपासून करा. येत्या आठवड्यात एक पूर्ण रात्र तिथे थांबा. आधी सांगून थांबा, कारण कोणाला झोपलेलं पकडायला तुम्ही जाणार नाही आहात. मोजायला जाणार आहात. दहा जणांची दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात चार फेऱ्या होतात, म्हणजे चाळीस वेळा. डायपर बघणं, मॅकिंटॉश (खालचं रबरी कापड) आणि चादर सरळ करणं, उशा लावणं धरून प्रत्येकाला सहाच मिनिटं लागली तरी चार तास झाले, आणि प्रत्येक वेळी माणसं दोन लागतात. तुमच्या दोन्ही आया आठातले चार तास पूर्ण अडकलेल्या आहेत. त्या वेळात पलीकडच्या खोलीत बेल वाजली तर जाणार कोण? सिस्टर इंजेक्शन, नळीतून भरवणं (फीड), घशातला कफ ओढून काढणं (सक्शन) यांत. मग आजी पाच मिनिटं वाट बघतात, कपडे ओले होतील या लाजेनं स्वतःच उठतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पडतात. आया आजींकडे धावल्या तर कूस राहते आणि बेडसोअर होतो. रात्रीची तिसरी आया मिळेपर्यंत यातलं काही थांबणार नाही. हे गणित कागदावर लिहून मालकांसमोर ठेवा. ‘स्टाफ कमी आहे’ हे वाक्य ते रोज ऐकतात. चाळीस गुणिले सहा हे त्यांनी कधी ऐकलेलं नसतं.

दुसरं गणित पटावरच्या माणसांचं. दिवसा पाच आणि रात्री तीन म्हणजे रोज आठ ड्युट्या, आठवड्याला ५६. एक बाई एक ऑफ घेऊन सहा ड्युट्या करते. ५६ भागिले सहा म्हणजे सव्वानऊच्या वर, आणि त्यात आजारपण, मुलांच्या परीक्षा, गावची कामं धरली तर अकरा बायका पटावर हव्यात. बहुतेक ठिकाणी रोज आठ लागतात म्हणून आठच ठेवतात. मग दर आठवड्याला आठ ड्युट्या उघड्या पडतात आणि त्या डबल ड्युटीनं भरल्या जातात. चोवीस तास उभी असलेली बाई पहाटे चारला कूस बदलत नाही, वहीत टिक करते. तिला दोष देऊ नका, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. कोकणातल्या बायका तुमच्याकडे असतील तर गणपतीचं वेळापत्रक जुलैमध्येच बसवा. त्या जाणारच, आणि जावंच त्यांनी.

बायका टिकत नाहीत याचं कारण पगार हे आहेच, पण प्रत्येक वेळी तेवढंच नसतं. त्या राहतात कुठे ते विचारा. नालासोपारा-विरारहून येणाऱ्या बाईला आठची ड्युटी लावली तर ती ऐन गर्दीत चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत लटकते. दहिसरला उतरायला मिळालं नाही तर बोरिवलीहून परत येते आणि आल्या आल्या बोलणी खाते. आम्ही शिफ्ट सात ते सात केली आणि उशिरा येणं जवळजवळ थांबलं. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, स्वतःच्या सामानाला कुलूप, आणि रात्री दोनदा अर्धा-अर्धा तास पाठ टेकायला जागा, एवढं तरी हवंच. ब्युरोकडून, म्हणजे आया पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेल्या बाईच्या पैशातून ब्युरो आपला हिस्सा कापतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तिला दुसरीकडे हलवतो. शक्य तितक्या बायका स्वतःच्या पटावर घ्या, नेमणुकीचा कागद हातात द्या, पगार ठरल्या तारखेला द्या. या वर्गाला तारीख फार महत्त्वाची असते, कारण घरभाडं आणि बचत गटाचा हप्ता दोन्ही तारखेवरच उभे असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. आयांना मजल्यावर किंवा कामावर नेमू नका, माणसांवर नेमा. ‘तू स्पंजिंग (अंग पुसणं), तू डायपर, तू जेवण’ अशी वाटणी झटपट वाटते, पण तीत एका आजोबांना दिवसात पाच जणींचे हात लागतात आणि पूर्ण माणूस कोणालाच माहीत होत नाही. एका आयाकडे सहा-सात जण, तेच, निदान तीन महिने. तिच्या ऑफच्या दिवशी कोण, तेही नावानिशी ठरलेलं. अंथरुणावरचे दहा मात्र सगळ्यांत सारखे वाटा, नाहीतर एकीची पाठ मोडते. यात एक धोका आहे, जीव लागतो, कधी एखाद्यावर जास्त लागतो. तो धोका मी आनंदानं पत्करते.

स्मृतिभ्रंशाच्या माणसांना तर याचा उपयोग औषधाइतका होतो. आमच्याकडे मालवणकडच्या एक आजी होत्या. आंघोळीला नेलं की ओरडायच्या, चावायच्या. त्यांना झोपेची गोळी वाढवायचं चाललं होतं. सावंतवाडीची एक आया आली, ती त्यांच्याशी मालवणीत बोलायला लागली, पाणी ओतण्याआधी त्यांच्या हातावर थोडं घालून ‘बघा, गरम आहे ना’ असं विचारायला लागली. पंधरा दिवसांत चावणं थांबलं, गोळी वाढवावी लागली नाही. या आजारात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते आणि आईची भाषा मागे राहते. केरळच्या किंवा झारखंडच्या मुली उत्तम काम करतात, पण अशा आजींपाशी त्यांची नेमणूक करताना भाषेचा विचार करा, निदान दहा-बारा शब्द लिहून त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना माहिती सोपवणं, बदला. आज तुमच्याकडे सिस्टर सिस्टरला टेबलापाशी केसपेपर वाचून दाखवत असेल, आणि आया तेव्हा चहा घेत असतील किंवा बस पकडत असतील. हँडओव्हर खाटेपाशी करा, दोन्ही शिफ्टच्या आयांसह, आणि आधी आयाला बोलू द्या. तिला तीनच गोष्टी विचारायच्या: खाल्लं-प्यायलं किती, शी-शू कशी, आणि आज नेहमीसारखे आहेत का? तिला लिहिता येत नसेल तर सिस्टरनं तिच्याच शब्दांत लिहायचं. शिफ्टची पंधरा मिनिटं एकमेकांवर चढवावी लागतात आणि त्यांचे पैसे द्यावे लागतात. मालक कुरकुरतील. द्यायला लावा.

हे मी का सांगतेय, तर पहिल्याच केंद्रात मी एक चूक केली. एक मावशी सकाळी म्हणाली, “सिस्टर, बाबा आज चहा तसाच ठेवून बसलेत. मला ओळखलं, पण बोलले नाहीत.” मी ताप बघितला, नव्हता. बीपी बरं होतं. ‘बघू’ म्हणाले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बरळायला लागले, हातपाय गार पडले आणि रुग्णालयात न्यावं लागलं. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही. अचानक गप्प होणं, गोंधळणं, जेवण टाकणं हीच कितीदा पहिली खूण असते. आता आमच्याकडे ‘आज नेहमीसारखे नाहीत’ हे आयाचं वाक्य तापाइतकंच मानलं जातं. ते आलं की सिस्टरनं लगेच शुगर, बीपी, नाडी, ऑक्सिजन बघायचं, लघवी किती झाली आणि पोट साफ होऊन किती दिवस झाले ते विचारायचं, गेल्या आठवड्यात कोणतं नवं औषध सुरू झालं ते बघायचं, आणि डॉक्टरांना फोन. शुगर ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

बेडसोअरचं बघू. दोघांना झालेत म्हणजे आणखी तीन-चार जण वाटेवर असतील. उद्याच दहाही जणांची पाठ, माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, कानामागची जागा उजेडात बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फार मुली शिकून येत नाहीत. म्हणून बोटानं बघायला शिकवा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा भुसभुशीत लागतंय का, दाबल्यावर दुखतंय का. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळायचं नाही. स्पिरिट आणि पावडर लावून जोरात पाठ चोळणं आपण जुन्या सिस्टरांकडून शिकलो, पण तशा जागी चोळल्यानं आतलं नाजूक मांस आणखी फाटतं. पावडरचे थर मुंबईच्या दमट हवेत काखेत आणि जांघेत गोळे होऊन बसतात, तेही बंद. कूस पूर्ण ९० अंशात नको, मागे उशी लावून ३० अंश. टाचा हवेत राहतील अशी पोटरीखाली उशी. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, ड्रॉशीटनं (कमरेखाली घातलेल्या आडव्या चादरीनं) दोघींनी उचलायचं. एअर बेड (मोटरवर चालणारी हवेची गादी) घेतला म्हणजे कूस बदलणं सुटत नाही, आणि त्याची मोटर चालू आहे का हे दर शिफ्टला हात लावून बघावं लागतं. मी दोनदा बंद मोटर पाहिली आहे, प्लग मोबाइल चार्जिंगसाठी काढलेला. आणि प्रोटीन. पातळ वरणभातावर जखम भरत नाही. अंडं, दूध, पनीर, डाळ घट्ट, जे डॉक्टर आणि मूत्रपिंड परवानगी देतील ते.

भरवताना माणूस बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका आयाला अर्ध्या तासात सहा जणांना भरवायला लावलं तर ठसका आणि मग न्यूमोनिया ठरलेला. जेवणाच्या दोन पंगती करा.

औषधांत चुका होतात, आणि त्या तुम्हाला कळतात की नाही यावर सगळं अवलंबून आहे. एका केंद्रात नव्या सिस्टरकडून इन्सुलिनची चूक झाली. आपल्याकडे साध्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात आणि इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये (पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीत) १००. चाळीसची सिरिंज लाल टोपीची, शंभरची केशरी टोपीची. आजींचं पेन बिघडलं होतं, तिनं कार्ट्रिजमधूनच लाल टोपीच्या सिरिंजनं वीसच्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. ते प्रत्यक्षात ५० युनिट झालं, अडीचपट. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं आणि ती थरथरत माझ्याकडे आली. आम्ही ग्लुकोज सुरू केलं, रुग्णालयात हलवलं, आजी वाचल्या. व्यवस्थापनाला तिला त्याच दिवशी काढायचं होतं. मी अडून बसले. तिला काढलं असतं तर पुढची चूक मला कोणीही सांगितली नसती, आणि पुढच्या आजी वाचल्या नसत्या. त्याऐवजी आम्ही पेनला पर्यायी पेन ठेवलं, कार्ट्रिजमधून सिरिंजनं काढणं बंद केलं, आणि इन्सुलिन देताना दुसऱ्या व्यक्तीनं बाटली, टोपीचा रंग आणि रेघ मोठ्यानं वाचायची पद्धत लावली. ती सिस्टर आज एका मोठ्या केंद्राची इन-चार्ज आहे. तुम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा की स्वतःहून सांगितलेल्या चुकीसाठी कोणाची नोकरी जाणार नाही, लपवलेल्या चुकीसाठी जाईल. आणि पहिली चूक सांगायला कोणी आलं की तुमचा चेहरा कसा होतो हे सगळा स्टाफ बघत असतो, हे लक्षात ठेवा.

इन्सुलिन, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही कामं जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेल्या सिस्टरचीच, आयाच्या हाती कधीही नाहीत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मूळ कागदावर बघूनच सिस्टर घ्या.

पडणं थांबवण्याचं निम्मं काम तिसरी आया करेल. उरलेलं असं: प्रत्येक पडण्याची वेळ, जागा, पायात काय होतं आणि आधी काय करत होत्या हे लिहा. तिघींचं लिहून बघा, नमुना दिसेल. बहुतेकदा लघवीला जाताना. मग झोपताना, एक-दीडला आणि पाचला विचारायची वाट न बघता स्वतःहून घेऊन जायचं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी हलवता येईल का ते डॉक्टरांना विचारा, झोपेच्या गोळ्यांचाही फेरविचार करायला सांगा. बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत बघा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर त्यांना उठल्यावर आधी खाटेच्या कडेला बसवायचं. पडलेल्या माणसाला घाईनं उठवू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उभं करायचंच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर माणूस हसत-बोलत असला तरी रुग्णालयात पाठवा. आणि पडू नये म्हणून खाटेला बांधणं, नळी ओढू नये म्हणून पंचानं हात बांधणं, हे तुमच्याकडे चालू असेल तर आजच्या आज बंद करा. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि जास्त वाईट पडतो. त्याच्या मनाचं काय होतं ते तर वेगळंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बायका सोडून जातात त्यामागे ती बरेचदा असते. काही आजोबा आजारामुळे अंगाला हात लावतात, घाणेरडं बोलतात. काही जण आजार नसतानाही आयाची जात विचारतात आणि तिच्या हातचं पाणी नको म्हणतात. पहिल्या बाबतीत तिचं ऐकून घ्या, दोघींना मिळून पाठवा किंवा ब्रदर (पुरुष नर्स) द्या, डॉक्टरांना सांगा. ‘म्हातारे आहेत, सोडून दे’ म्हणू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समितीही तुम्हाला नेमावी लागते. दुसऱ्या बाबतीत मी नातेवाइकांना समोर बसवून सांगते की आमच्याकडे जातीवर नेमणूक होत नाही, आणि होणार नाही. एका कुटुंबानं वडिलांना हलवलं. त्या संध्याकाळी ती आया माझ्यापाशी येऊन नुसती उभी राहिली. नऊ वर्षं झाली, ती अजून आमच्याकडे आहे.

कॅमेऱ्यांबद्दल: जिना, पॅसेज, जेवणाची खोली इथे लावा. जिथे डायपर बदलतात, स्पंजिंग होतं तिथे नाही. कॅमेरा मागणाऱ्या मुलीला खरं तर आईची बातमी हवी असते. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी सिस्टरनं फोन करायचा, पडल्या तर तासाभरात सांगायचं, बेडसोअर झाला तर मोजमापासकट सांगायचं आणि भेटीला आल्यावर दाखवायचं. तुम्ही आधी सांगितलेली वाईट बातमी ते सहन करतात. स्वतः चादर उचलून सापडलेली करत नाहीत.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाड्या बंद पडून माणसं रात्रभर चालत घरी गेली. तसा दिवस पुन्हा आला तर तुमची रात्रपाळी पोचणार नाही. चालत येऊ शकतील अशा तीन-चार बायकांची नावं लिहून ठेवा, रेड अलर्ट असेल तेव्हा दिवसपाळीला थांबवून घ्या आणि थांबल्याचे जादा पैसे, जेवण, झोपायची जागा द्या. चादरी वाळत नाहीत, म्हणून प्रत्येक खाटेला निदान चार संच. कोणाला रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज समजून डॉक्टरांना दाखवा. निघाली तर सगळे रहिवासी आणि सगळा स्टाफ यांचा उपचार एकाच दिवशी करायचा, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या. एकेकाचा उपचार केला तर ती महिनोन् महिने फिरत राहते.

शेवटचं, रिकाम्या खाटेचं. मालकांकडून मी एक पूर्ण दिवस मागून घेतला होता, तुम्हीही मागा. त्या दिवशी गादी धुवून उन्हात पडते, खाट पुसली जाते. ज्या आयानं वर्षभर त्या आजींना आंघोळ घातली तिलाच शेवटची आंघोळ घालू द्या, तिची इच्छा असेल तर, आणि तिला त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर काम द्या किंवा घरी जाऊ द्या. अंत्यविधीला जायचं असेल तर जाऊ द्या. खोलीतल्या इतरांना खरं सांगा, ‘गावाला गेल्या’ म्हणू नका. त्यांना रात्रीच कळलेलं असतं. तो दिवस गेल्यावर नवीन माणूस येईल तेव्हा त्याच आयाला दारापर्यंत घ्यायला पाठवा, आणि त्या माणसाला चहात साखर किती लागते हे तिनं स्वतः विचारू दे.